मंगळासाठी पाच किलो ड्राय आइस

फोन उचलणाऱ्या मुलाचा पहिलाच प्रश्न होता, "लग्न कधी आहे मॅडम?"

"लग्न नाही. मंगळासाठी पाहिजे."

"हौ, पण मंगल कार्यालय कोणतं? डिलिव्हरीसाठी विचारून राहिलो."

तर हा अनुभव नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या एका ड्राय आइसवाल्याचा. नाव लिहीत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि पुढच्या वर्षीही मला त्याच्याकडूनच मागवायचा आहे. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. आपल्याकडे त्याचं ठळक काम एकच, नवरानवरीच्या एंट्रीला पायाशी ढग सोडणं. ऐन लग्नसराईत शाळेतून फोन आला तर तो मुलगा गोंधळणारच, त्यात त्याचा काही दोष नाही.

मी नंदनवनकडच्या एका शाळेत आठवी-नववीला भूगोल शिकवते, बावीस वर्षं झाली. वाहत्या पाण्याचं कार्य हा धडा मी झोपेतही घेईन. फळ्यावर टेकडी काढायची. वर माती सुटते ती वाटीसारखी खोबण, मधे ओघळ, पायथ्याशी गाळाचा पंखा. आणि शेवटी माझं ठरलेलं वाक्य: जिथे ओघळ, तिथे पाणी. गेल्या वर्षी हौसेने प्रोजेक्टरवर मंगळावरच्या एका विवराच्या भिंतीचा फोटो लावला. हुबेहूब माझं फळ्यावरचं चित्र! खोबण, ओघळ, पंखा, सगळं जागच्या जागी. "बघा, पाणी," म्हणून मोकळी झाले. पोट्ट्यांनी वहीत उतरवूनही घेतलं. मग दिवाळीच्या सुटीत जरा वाचायला बसले आणि ते वाक्य घशात अडकलं.

चूक माझ्या एकटीची नव्हती, हाच काय तो दिलासा. २००० साली मायकेल मॅलिन आणि केनेथ एजेट यांनी मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने टिपलेले हे ओघळ जगापुढे ठेवले, तेव्हा त्यांनीही पाण्याकडेच बोट दाखवलं होतं. ओघळांवर उल्कांचे खड्डे जवळजवळ नव्हते, म्हणजे ते भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी कालपरवाचे. पंचाईत इथेच होती. आजच्या मंगळावर हवेचा दाब सरासरी सहा मिलिबारच्या आसपास, आपल्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. तिथे पाणी एक तर गोठतं, नाही तर उकळून उडून जातं. वाहायला त्याला सवडच मिळत नाही.

२००६ पासून मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानावरचा हायराइज कॅमेरा तेच ते उतार पुन्हा पुन्हा टिपतो आहे. त्याच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे पंचवीस-तीस सेंटिमीटर. माझ्या टेबलावरचं हजेरीपत्रक तिथून दिसावं इतपत बारीक नजर. त्यातून कळलं की काही ओघळ आजही बदलतात आणि बदलतात ते हिवाळ्यात, नाही तर वसंताच्या तोंडावर. कडाक्याच्या थंडीत पाणी कुठून वाहणार? त्या वेळी उतारांवर असतो तो कार्बन डायऑक्साइडचा बर्फ. मंगळाच्या हवेत ९५ टक्के तोच वायू आहे. उणे सव्वाशे अंशांच्या आसपास तो जमिनीवर गोठून बसतो, आणि ऊन लागलं की वितळत नाही, थेट वायू होतो. तो वायू दगडमातीच्या कणांमधून वर उसळतो, कण एकमेकांवरून सुटतात, आणि कोरडी वाळू पातळ पिठल्यासारखी उतारावरून धावते.

हे वर्गात नुसतं सांगून भागणार नव्हतं. ज्या तोंडाने पाणी म्हटलं त्याच तोंडाने पाणी नाही म्हटलं, की मुलं म्हणणार मॅडम पलटल्या. म्हणून हिंगणा रोडला फोन.

पहिली ऑर्डर तीन किलोची. मी लादी असं स्वच्छ सांगितलं होतं, आल्या गोळ्या. गोळ्या म्हणजे खडूच्या तुकड्यांएवढ्या पांढऱ्या कांड्या. "धुरासाठी ह्याच बऱ्या मॅडम, लवकर उडतात," असं मला समजावण्यात आलं. परत पाठवायचं म्हणाल तर पाठवणार काय, दुपारपर्यंत खोक्यात काही उरलं तर ना. म्हणून त्याच कोरड्या वाळूत मिसळून ढिगाच्या माथ्यावर ओतल्या. वाळू जरा फसफसली, दोन-चार ठिकाणी भाकरीच्या पापुद्र्यासारखी फुगली आणि वीतभर घसरून थांबली. मागच्या रांगेतून आवाज आला, "बस, एवढंच?"

एवढंच. आणि त्यात गोळ्यांचा दोष नाही, नागपूरच्या हवेचा आहे. आपल्या हवेच्या दाबाखाली तेवढ्याच बर्फातून निघालेला वायू दबून राहतो, मंगळावर तो शंभराहून जास्त पट जागा मागतो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या लोनेके रोलोफ्स यांनी हाच प्रयोग इंग्लंडात मिल्टन कीन्सला, आतली हवा मंगळाइतकी विरळ करता येते अशा बंद टाकीत केला, तेव्हा तीच वाळू सरसरत खाली गेली आणि मागे ओघळ नि पंखा सोडून गेली, एक थेंब पाणी न वापरता. माझ्याकडे टाकी नव्हती, शाळेचं मैदान होतं. तेव्हा कुणी शाळेसाठी मागवत असेल तर गोळ्या घेऊ नका. लग्नाला घ्या.

दुसऱ्या ऑर्डरला मी फोनवर तीनदा "लादी" म्हटलं आणि एकदा "सिल्ली" म्हटलं. सिल्ली म्हटल्यावर कळलं. इकडे बर्फाला सिल्लीच म्हणतात, मीच पुस्तकी बोलत होते.

दहा इंच लांब-रुंद, दोन इंच जाड अशी सिल्ली थर्माकोलच्या खोक्यात ऑटोने आली. भाव एकशेवीस रुपये किलो, पाच किलोचे सहाशे, वर खोक्याचे दीडशे डिपॉझिट. शाळेसमोरच्या किराणा दुकानात वजन केलं: चार किलो दीडशे ग्रॅम. फोन केला. "मॅडम, ते उडतेच ना! सकाळी पाच भरून दिलं होतं." खरं आहे, उडतंच. पण मग बिल कोणत्या वेळच्या वजनाचं? आइस्क्रीमवाल्याने वितळलेल्या आइस्क्रीमचे पैसे घेतले तर चालतील का? त्यावर तो म्हणाला, आइस्क्रीमचं तर पाणी राहते, ह्याचं काहीच राहत नाही. माणूस हुशार आहे, पण पैसे काही कमी झाले नाहीत.

ते साडेआठशे ग्रॅम मी वर्गात वसूल केले. एक किलो ड्राय आइसचा साधारण पाचशे चाळीस लिटर वायू होतो, तर हरवलेल्याचा किती? उत्तर साडेचारशे लिटरच्या वर आलं, आणि वर्ग गप्प झाला, कारण एवढा वायू ऑटोत बसला कुठे हा पुढचा प्रश्न होता. ऑटो उघडा असतो म्हणून ठीक. काचा लावलेल्या, एसी सुरू असलेल्या कारमधून हे खोकं कधीही नेऊ नका, माणूस गुदमरू शकतो. खोक्याचं झाकणही घट्ट चिकटवायचं नाही, वायूला वाट हवी. यातलं एक अक्षरही दुकानदाराने सांगितलं नाही, खोक्यावर चिठ्ठी नाही, हातमोजे नाहीत. उणे साडेअठ्ठ्याहत्तर अंशांची वस्तू आहे ती; उघड्या हाताने धरली की कातडी भाजल्यासारखी होते. मी इतवारीतून वेल्डिंगचे चामडी हातमोजे आणि घरून सांडशी आणली होती. माझी या दुकानाबद्दल सर्वात मोठी तक्रार हीच आहे, वजनाची नव्हे.

वाळू कन्हान नदीची. शाळेशेजारी बांधकाम चाललंय, तिथल्या ठेकेदाराने दोन घमेली मागितली तर अर्धी ट्रॉली टाकून दिली. ढीग कमरेएवढा झाला, उतार वाळू स्वतःच ठरवते, तीस-बत्तीस अंशांच्या पुढे ती उभी राहतच नाही. पहिल्या दिवशी आतून ओलसर होती. सिल्लीचा तुकडा ठेवला तर घसरायचं सोडून जागीच चिकटला. ओली वाळू गोठून त्याला धरून बसली. नववी ब मधला एक मुलगा, त्याचे वडील रेतीचा टिप्पर चालवतात, तो म्हणाला, "मॅडम, ही रेती आजची आहे. दोन दिवस पसरवा, पलटवा, मग पहा." मी बावीस वर्षं शिकवते आहे, पण रेतीचं वय त्याला कळतं. दोन दिवस पसरवली. फेब्रुवारीचं नागपूर त्याबाबतीत उदार आहे. सिल्लीचा उरलेला भाग तेवढ्यात उडून गेला, हे सांगायला नकोच. म्हणजे तिसरी खेप, पुन्हा सहाशे. ही खेप मी कुठे मोजत नाही, कारण घरी हिचा हिशेब दिलेला नाही.

तिसऱ्या सिल्लीचे छन्नी-हातोडीने तुकडे केले, एक चांगला दीड-दोन किलोचा आणि बाकी साबणाच्या वडीएवढे. मोठा तुकडा ढिगाच्या माथ्यावर ठेवला आणि सोडला.

तो घसरला असं म्हणणं पुरेसं नाही. तो तरंगत गेला. आपण तवा तापला का बघायला पाण्याचे शिंतोडे उडवतो, तेव्हा थेंब चिकटत नाहीत, नाचतात, कारण थेंबाखाली वाफेची गादी तयार होते. इथे थंड वस्तू सिल्ली आणि तवा म्हणजे वाळू. सिल्लीपेक्षा ती शंभरावर अंशांनी तापलेली. खालून वायू सुटतो, तुकडा त्यावर बसून निघतो, बारीक फुस्स असा आवाज करत. मागे सरळ, एकसारख्या रुंदीची पन्हाळ राहिली, जणू कुणी बोटाने तांदूळ सारले. दोन्ही काठांना वाळूचे बारीक बांध. पायथ्याशी तुकडा थांबला, आणि थांबून बसला.

"मॅडम, हे तर पाण्यानं झाल्यावानी दिसून राहिलं," एक मुलगी म्हणाली. मला नेमकं हेच हवं होतं. ढिगाच्या दुसऱ्या बाजूने मगभर पाणी सोडलं. आधी ते जिरलं, मग वर एक खोबण पडली, ओघळ फुटला, दोन फाटे झाले आणि खाली सगळी वाळू पंख्यासारखी पसरली. आता दोन्ही शेजारी शेजारी. बघा, फरक सांगा. कुणी म्हणे सरळ-वाकडी, कुणी म्हणे ओली-कोरडी. मग त्या रेतीवाल्याच्या मुलाने विचारलं, "मॅडम, पाण्यानं खणलेली रेती खाली पडली. बर्फानं खणली ती गेली कुठं?"

या एका प्रश्नासाठी मी तिन्ही खेपांचे पैसे पुन्हा देईन. त्याला म्हटलं, तूच शोध. तो उकिडवा बसला, काठावरच्या बांधांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाजूला टाकली." बरोबर. पाणी माती वाहून नेतं आणि दम संपला की खाली टाकतं. सिल्ली वाहून काहीच नेत नाही, ती वाट काढते आणि दोन्हीकडे लोटते. दुसरा एक मुलगा लगेच म्हणाला, "पाणी गेलं तरी गाळ राहते मॅडम. मामाच्या घरी राह्यला होता." त्याचा मामा अंबाझरी लेआउटला राहतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडला तेव्हा त्या घरात पाणी काही तास होतं, पण चिखल काढायला कितीतरी दिवस लागले. पुस्तकातल्या पंख्याच्या आकृतीपेक्षा हे उदाहरण चांगलं आहे.

पायथ्याशी बसलेल्या तुकड्याला सगळे विसरले होते. अर्ध्या तासाने पाहिलं तर त्याने कडेची वाळू फुंकून फुंकून स्वतःभोवती ताटलीएवढी खोलगट जागा केली होती, काठाला पांढरं दव धरलेलं. मग मी खिशातला प्रिंट काढला: मंगळाच्या दक्षिण गोलार्धातलं रसेल विवर, त्यातली वाळूची अजस्र टेकडी आणि तिच्यावरच्या सरळसोट पन्हाळी. काही मीटर रुंद आणि लांबीला दोन-दोन किलोमीटरपर्यंत. काठाला बांध आहेत, पायथ्याला पंखा नाही. आणि कित्येकांच्या टोकाला गोल खड्डे, रिकामे.

सेरिना डिनिएगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्या खड्ड्यांचा उलगडा मांडला. वसंतात टेकडीच्या माथ्याजवळून कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाचे ढेकूळ सुटतात, तरंगत उतरतात, खाली थांबतात आणि तिथेच उडून जातात. ताळा पाहायला त्यांनी अमेरिकेतल्या युटा आणि कॅलिफोर्नियातल्या वाळूच्या टेकड्यांवर बाजारातलाच ड्राय आइस नेऊन सोडला होता. म्हणजे आमचा प्रयोग नवा नाही, आमची रेती नवी.

मला मात्र एक काळजी होती, की मुलं आता दुसऱ्या टोकाला जातील आणि मंगळावर कधी पाणीच नव्हतं असं लिहून येतील. तसं नाही. १९७१-७२ मध्ये मरिनर ९ यानाने पहिल्यांदा तिथल्या कोरड्या नदीखोऱ्यांचे फोटो पाठवले. झाडाच्या फांद्यांसारखी पसरलेली ती जाळी सिल्ल्यांची करामत नव्हे. कासेई व्हॅलेससारखी प्रचंड खोरी महापुरांनी कोरली असं मानतात, आणि पर्सिव्हिअरन्स गाडी २०२१ च्या फेब्रुवारीत उतरली ते जेझेरो विवर नदीच्या त्रिभुज प्रदेशासाठीच निवडलं होतं. पण ते काही अब्ज वर्षांपूर्वीचं. विवरांच्या उतारांवरच्या कोवळ्या ओघळांचा वाद वेगळा, आणि तो मिटलेलाही नाही. २०२३ मध्ये डिक्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मंगळाचा आस आजच्या पंचवीस अंशांवरून पस्तीसपर्यंत कलतो तेव्हा हवेचा दाब वाढतो आणि त्या उतारांवर बर्फ वितळून पाणी होऊ शकतं. अशी वेळ सुमारे सहा लाख तीस हजार वर्षांपूर्वी येऊन गेली. म्हणजे एकाच ओघळात आधी पाणी आणि नंतर सुका बर्फ, दोघांनी पाळीपाळीने काम केलेलं असू शकतं. यावर एकीने विचारलं, परीक्षेत काय लिहायचं. मी म्हटलं, दोन्ही लिही, कारणासकट. ती खूश झाली नाही.

पुढच्या सहलीला या वर्गाला लोणारला न्यायचं आहे. समृद्धीवरून मेहकरला उतरलं की जवळ पडतं. बेसाल्टमधलं पावणेदोन-एक किलोमीटर व्यासाचं ते विवर, त्याच्या आतल्या भिंतींवरचे पावसाचे ओघळ, आणि ईशान्येकडून धार नावाच्या झऱ्याच्या पाण्याने सरोवराकडे पसरवलेला गाळाचा पंखा. मंगळावरच्या विवरांशी ताडून पाहायला शास्त्रज्ञ तिथे येतात. मी आजवर मुलांना तिथे काठावर उभं करून व्यास आणि खोली पाठ करायला लावायचे. आता खाली पायथ्याकडे बघायला लावीन.

राहिला ड्राय आइसवाला. सिल्लीला पाचपैकी साडेचार. दाट, कुठे भेग नाही, छन्नी लावली की सरळ तुटते. अर्धा गुण वजनाचा कापला. गोळ्यांना शाळेच्या कामासाठी दोन. सेवेला अडीच, तेही मुलगा फोन दर वेळी उचलतो म्हणून. दहाला सांगितलं की साडेअकराला येतो, तेव्हा मधल्या सुटीनंतरचा तास धरा. खोक्याचे दीडशे परत मिळतात असं तो म्हणतो. माझी तीन खोकी त्याच्याकडे जमा आहेत, पैसे यायचे आहेत.

त्या दिवशी साबणाच्या वडीएवढे शेवटचे दोन तुकडे ढिगावर सोडून आम्ही घरी गेलो. सकाळी परिपाठाआधी शिपाई काका ढिगापाशी कमरेवर हात ठेवून उभे. "मॅडम, ह्या नाल्या कोणी काढल्या? नि शेवटी खड्डे आहेत, त्यात त काहीच नाही."

मी तोंड उघडायच्या आत रेतीवाल्याचा मुलगा पुढे झाला. "काका, पहिले पायथा पहा. रेती पसरली आहे का?"

"पसरली आहे ना," काका म्हणाले, "पार व्हरांड्यापर्यंत. झाडणार कोण, ते सांग."